हळदीची साक्ष कोण देणार?

  आज मी तुम्हाला हळदीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हळदीचं काय सांगायचं? ती तर आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे. पण ही गोष्ट मला कळली ती एका फजितीतून, म्हणून आधी ती फजिती सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या गटाने उटणं करून डोंबिवलीत स्टॉल लावला. आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल, मसुराचं पीठ, सगळं चाळून पाकिटं भरली. मागणी वाढली तशी घरची हळद संपली. मग घाईत बाजारातून तयार हळदपूड आणली. रंग कसा झकास, पिवळाधमक! भाऊबीजेनंतर एक गिऱ्हाईक बाई परत आल्या. त्यांच्या मुलीच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं होतं. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, यात काय काय घातलंय, कुठून आणलंय, तुमच्याकडे लिहिलेलं आहे का?"

आमच्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. कोणत्या पाकिटात घरची हळद आणि कोणत्यात विकतची, हेही सांगता येईना. सगळ्यांचे पैसे परत केले. त्या महिन्यात गटाच्या खात्यात भर पडायची ती पडलीच नाही, वर गेलेला विश्वास वेगळाच.

त्या रात्री आमच्या गटातल्या आत्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, विकतची भुकटी चेहऱ्याला नको. पण माझं बोलणं वहीत कुणी लिहिलं?"

मी बी.ए. केलंय ते इतिहास घेऊन. तेव्हा मला वाटलं, इतिहास म्हणजे राजे आणि लढाया. आत्यांच्या त्या एका वाक्यानंतर मी हळदीचा इतिहास वाचायला बसले, आणि जिथे तिथे मला तोच प्रश्न भेटला. बाईला जे ठाऊक आहे, त्याची नोंद कुणी ठेवली?

आता आत्यांची हळद बघा. त्यांच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, चार वाफे आहेत. मृगाच्या आसपास गड्डे लावायचे. श्रावणात पानं मोठी झाली की त्यात पातोळ्या उकडायच्या. थंडी सरताना पानं वाळली की खणून काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची आणि मग जात्यावर दळायची. त्यातली ओली हळद बाळंतिणीला, मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप, खरचटलं की चिमूटभर भुकटी, लग्नात नवऱ्या-नवरीला तेलातून हळद. आणि अंगाला लावायची असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस थांबायचं. आज त्वचेचे डॉक्टर जे सांगतात, तेच आत्या त्यांच्या सासूकडून शिकल्या होत्या.

आणखी एक गंमत त्यांनी दाखवली. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लालभडक होतं. जुनं कुंकू असंच हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन करायचे. म्हणजे हळदी-कुंकवाच्या तबकातल्या दोन्ही कोयऱ्या एकाच कंदाच्या. पुढे रासायनिक रंगाचं कुंकू आलं, मग डिंकाच्या टिकल्या आल्या, आणि कपाळावर खाज, पांढरे डाग अशा तक्रारी घरोघर ऐकू यायला लागल्या.

पण आत्यांना नवरा नाही. त्या तरुणपणी विधवा झाल्या. आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळद दणक्यात होते, धवलारीण धवले गाते, सवाष्णी हळद लावतात. ती हळद आत्यांच्या परसातली असायची, आणि आत्या मात्र मांडवाच्या कडेला बसायच्या. जिच्या हातची हळद गावाला चालते, तिचा हात चालत नाही. हे मी लहानपणापासून बघत आले, पण त्यात काही चुकतंय हे फार उशिरा कळलं. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल, म्हणून आत्ता लक्षात ठेवा.

आता पुस्तकांकडे येऊ. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत औषधींचे दहा-दहाचे गट केलेले आहेत. त्यातल्या त्वचारोगांवरच्या गटात खैर, हिरडा, आवळा यांच्या पंगतीला हळद आहे. सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्यांनी 'भावप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. त्यात हळदीची बरीच नावं आहेत. हरिद्रा आपल्याला माहीत आहे. कांचनी म्हणजे सोन्यासारखी. वरवर्णिनी म्हणजे उत्तम कांतीची. कृमिघ्नी म्हणजे कृमींचा नाश करणारी. आणि अजून दोन नावं मला फार आवडली. एक 'योषित्प्रिया', म्हणजे बायकांची लाडकी. दुसरं 'हट्टविलासिनी', म्हणजे बाजाराची शोभा. मैत्रिणींनो, हळदीचा पुढचा सगळा इतिहास या दोन नावांच्या मधला आहे. बायकांच्या हातून ती बाजारात कशी गेली, आणि जाताना बायकांचं नाव कुठे गळलं, तो.

त्याच शतकात आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते. वसई, ठाणं त्यांच्या ताब्यात होतं. गार्सिया द ओर्ता नावाचे त्यांचे एक डॉक्टर गोव्यात राहायचे. मुंबई बेटसुद्धा त्यांना भाडेपट्ट्याने मिळालेलं होतं, तिथे त्यांची बाग होती. त्यांनी इथल्या औषधी वनस्पतींवर पोर्तुगीज भाषेत पुस्तक लिहिलं. ते 1563 साली गोव्यात छापलं गेलं. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. पुस्तक संवादांच्या रूपात आहे आणि त्यातला एक संवाद हळदीवर आहे. युरोपातल्या लोकांना कळावं म्हणून त्यांनी तिला हिंदुस्थानचं केशर म्हटलं.

या पुस्तकात अंतोनिया नावाची त्यांची एक दासी येते. दोन विद्वान खुर्चीत बसून चर्चा करतात आणि मध्येच अंतोनियाला हाक मारून एखादी वनस्पती आणायला सांगतात. ती आणून देते. पुस्तकावर नाव डॉक्टरांचं. अंतोनियाला त्या वनस्पतीबद्दल काय ठाऊक होतं, हे कुणी विचारलं नाही. मी ते वाचलं तेव्हा मला आत्या आठवल्या.

पुढे आपल्या मराठीतही मोठं काम झालं. शंकर दाजीशास्त्री पदे या वैद्यांनी 'आर्यभिषक्' नावाचं पुस्तक लिहिलं. घरगुती औषधांचं हे पुस्तक किती तरी मराठी घरांत देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असायचं. हेच पदे शास्त्री 1907 साली नाशिकला भरलेल्या आयुर्वेद महासंमेलनामागे होते. आज आपल्या देशाच्या औषध कायद्यात आयुर्वेदाच्या पन्नासहून अधिक प्रमाण ग्रंथांची यादी आहे. त्या यादीत चरकसंहिता आहे, भावप्रकाश आहे, आणि आर्यभिषक्‌सुद्धा आहे. म्हणजे घरच्या औषधाची गोष्ट कागदावर आली की कायदा तिला ओळखतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

आता चला डोंबिवलीला. कल्याण-शीळ रस्त्याने रिक्षाने जाताना विको नाका लागतो. किती जणी तिथे उतरल्या असतील! हे नाव पडलं ते विकोच्या कारखान्यावरून. केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 साली मुंबईत परळला राहत्या जागेत हा उद्योग सुरू केला. पहिला माल दंतमंजन. मुलं दारोदार जाऊन विकायची. डोंबिवलीतलं पेंढरकर कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1975 च्या सुमाराला त्यांनी हळदीचं क्रीम बाजारात आणलं. क्रीम चेहऱ्यावर डाग पाडत नव्हतं, ट्यूबमधून निघत होतं, नोकरीवर जाणाऱ्या बाईला लोकल पकडायच्या आधी लावता येत होतं.

मग सरकारशी वाद उभा राहिला. हे क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन? सौंदर्यप्रसाधन ठरलं तर अबकारी कर जास्त, आयुर्वेदिक औषध ठरलं तर कमी. 1978 पासून वाद कोर्टात गेला आणि पंचवीसहून अधिक वर्षं चालला. शेवटी 2004 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आयुर्वेदिक औषध मानलं. कोर्टाने दोन गोष्टी बघितल्या. एक, त्यातले घटक आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत आहेत का? दोन, रोजच्या व्यवहारात लोक त्याला काय समजतात?

दुसरा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. लोक काय समजतात, याला कोर्टात किंमत आहे. पण एका कारखान्याला ते सिद्ध करायला वकील, कागद आणि पाव शतक लागलं. आपल्या गटाला कोण विचारणार?

हा वाद चालू होता तेव्हाच तिकडे अमेरिकेत वेगळंच घडलं. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. कशाचं? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं! पेटंट म्हणजे काय, तर ही युक्ती मी शोधली, आता काही वर्षं माझ्या परवानगीशिवाय कुणी तिचा धंदा करायचा नाही, असा सरकारी हक्क.

तेव्हा आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, लहानपण मुंबईत गिरगावात गेलेलं, आईने कष्ट करून शिकवलेलं. परिषदेने 1996 साली या पेटंटला आव्हान दिलं. तुम्हाला वाटेल, त्यात काय अवघड? गावातल्या दहा आज्या उभ्या करायच्या, त्या सांगतील. पण तसं चालत नव्हतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात दुसऱ्या देशात लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करतात, एवढं पुरेसं नव्हतं. ती कुठेतरी छापलेली किंवा लिहिलेली दाखवावी लागायची. आज्यांचा हात, आज्यांचं तोंड, याला साक्ष म्हणून जागाच नव्हती.

मग शोधाशोध झाली. 32 लेखी पुरावे गोळा झाले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, उर्दू-हिंदीतलं लिखाण होतं, आणि भारतीय डॉक्टरांच्या मासिकात 1953 साली छापलेला एक लेख होता. 1997 साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले. हळद सुटली. यानंतर, 2001 पासून आपल्या पारंपरिक ज्ञानाचा मोठा डिजिटल संग्रह करायला सुरुवात झाली. जुन्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली गेली, म्हणजे परदेशातला अधिकारी पेटंट देण्याआधी ती बघू शकेल.

हे वाचून अभिमान वाटतोच. पण मैत्रिणींनो, एक खंतही वाटते. हळद वाचली ती तिच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. जे ग्रंथात आलं ते वाचलं. आपल्या परसातलं, रानातलं, सासूने सुनेला चुलीपाशी सांगितलेलं जे ग्रंथात आलंच नाही, त्याचं काय? श्रावणात मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारावर रानहळदीचे गुलाबी तुरे उभे राहतात. ठाकूर, कातकरी, वारली बायका त्यांना कशासाठी ओळखतात? उद्या कुणी त्यावर हक्क सांगितला तर साक्ष कोण देणार?

यासाठी आपल्याकडे कायदा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात किमान एक तृतीयांश सदस्य बायका हव्यात. आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात कोणती झाडं-झुडपं आहेत, कोण ती कशी वापरतं, ते ज्ञान कुणाकडे आहे, हे त्यात लिहायचं. या कल्पनेमागे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं मोठं काम आहे.

आता काही जणी म्हणतील, "लिहून ठेवलं तर कंपनीवाले उचलतील." शंका रास्त आहे. म्हणून जे गुपित ठेवायचं, ते तसं सांगून ठेवा, सगळंच उघड करायची गरज नाही. पण हळदीच्या बाबतीत लिहिलेलंच कामी आलं, हेही विसरू नका. आणि समितीत आपली बाई बसलेली असेल तर कागदावर काय जातंय ते आपल्याला कळतं.

ग्रामसभेत बोलून काय होतं, असं म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका गावाचा कागद साऱ्या महाराष्ट्रात गेला. आमच्या गटाने त्यानंतरच्या संक्रांतीला हळदी-कुंकू केलं तेव्हा पहिलं बोट आत्यांना लावलं. आत्या म्हणाल्या, "राहू दे गं, या वयात काय." पण त्या दिवशी त्यांनी चेहरा संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

आता आमच्या गटाने काय बदललं ते सांगते, तुमच्या उपयोगी पडेल.

पहिलं, आम्ही भुकटी विकत घेत नाही. हळकुंड घेतो, नाहीतर घरची वापरतो. हळद पिवळी दिसावी म्हणून काही ठिकाणी त्यात शिशाचा रंग मिसळतात. शिसं पोटात गेलं तर सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना. घरी पारख करायची असेल तर काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या, त्यावर चमचाभर हळद सोडा आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाण्याला गडद पिवळा रंग चढला तर संशय घ्या. हळकुंड पाण्यात टाकल्यावर लगेच रंग सुटू लागला तरी संशय घ्या.

दुसरं, वही. कोणत्या तारखेला कोणती हळद, कुणाच्या शेतातली, कुणी दळली, कोणत्या पाकिटांत गेली, हे सगळं लिहितो. पाकिटावर घटक, वजन, तारीख आणि गटाचं नाव असतं. आणि "आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा" हे आत्यांचं वाक्य छापलेलं असतं.

तिसरं, परवाना. खायची हळद विकायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. चेहऱ्याला लावायची म्हणून विकली तर ती सौंदर्यप्रसाधन होते, आणि "पुरळ बरं करते" म्हटलं तर औषध. प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि तो अन्न व औषध प्रशासनाकडे मागावा लागतो. विको नाक्यावरचा वाद आठवा. एका शब्दावर पंचवीस वर्षं गेली. आम्ही सध्या खायची हळदच विकतो. उटण्याच्या परवान्याची माहिती काढतोय. तोवर पाकिटावर औषधाचा एक शब्द नाही.

आणि हो, खोल जखम, भाजणं, साप-विंचू यावर हळद दाबून घरी बसू नका. थेट आरोग्य केंद्रात जा. आत्याही हेच सांगतात.

त्या गिऱ्हाईक बाई या वर्षी पुन्हा आल्या होत्या. मुलीचा चेहरा बरा आहे. त्यांनी पाकीट उलटं करून पूर्ण वाचलं, मग अर्धा किलो हळद घेतली. मी वही पुढे केली. त्यात हळद पिकवणाऱ्याच्या रकान्यात आत्यांचं पूर्ण नाव आहे. आत्यांना वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा, आपल्या गावाची जैवविविधता नोंदवही कुठे आहे, आणि तिच्यात आमच्या आज्यांची नावं आहेत का? उत्तर मिळेल ते आम्हाला कळवा.